खुलासा: कटिंग स्पीड म्हणजे आरपीएम नव्हे

'माइल्ड स्टीलसाठी कटिंग स्पीड ४०० आरपीएम, जॉब कितीही मोठा असो' असा मेसेज लेथ (धातूचा तुकडा फिरवून कापायचं मशीन) शिकणाऱ्या ट्रेनी मुलांमध्ये फिरतोय. तो चुकीचा आहे.

कटिंग स्पीड म्हणजे टूलच्या टोकासमोरून जॉबचा, म्हणजे कापायच्या तुकड्याचा, पृष्ठभाग मिनिटाला किती मीटर सरकतो ते. आरपीएम म्हणजे स्पिंडलचे (जॉब फिरवणाऱ्या दांड्याचे) मिनिटाला होणारे फेरे. दोघांना जोडतो तो जॉबचा व्यास: कटिंग स्पीड = पाय (३.१४) गुणिले व्यास (मिमीमध्ये) गुणिले आरपीएम, भागिले १०००. स्वतः करून बघा. एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलला माइल्ड स्टीलवर मिनिटाला साधारण २५ मीटर धरले, तर २० मिमी जॉबला सुमारे ४०० आरपीएम येतात. मेसेजमधला आकडा बहुधा इथूनच उचललाय. पण १०० मिमी जॉबला जेमतेम ८०! तिथे ४०० लावले तर वेग १२५ मीटरवर जातो आणि टूलची धार बघता बघता जळते. कार्बाइडच्या (जास्त उष्णता सोसणाऱ्या) टूलला हा वेग चालतो, एचएसएसला नाही.

फीडचंही तसंच. लेथवर फीड म्हणजे एका फेऱ्यात टूल किती सरकतं. ०.२ मिमी फीड ४०० आरपीएमला मिनिटाला ८० मिमी होतो, ८० आरपीएमला फक्त १६.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय, त्यांना हे सूत्र कळवा.