शांताराम आणि डूख

साप चावला म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर आदर उमटतो. ‘विषारी नाही हो’ असं पुढे जोडलं की तो आदर आल्या पावली परत जातो आणि जाताना सहानुभूतीलाही सोबत घेऊन जातो.

हकिकत थोडकी आहे. पाण्याचं भांडं बदलायला मी पेटीत वाकलो. शांतारामने माझ्या नाकाचा शेंडा पकडला, लगेच सोडला आणि चावा मीच घेतल्यासारखा वेटोळ्यात तोंड खुपसून बसला. शांताराम हा माझा बॉल पायथन, म्हणजे अजगराच्या कुळातला एक छोटा, बिनविषारी साप. नाव ठेवलं ते विकणाऱ्याच्या भरवशावर. ‘अगदी गरीब जात हो, चावणं हिच्या रक्तातच नाही,’ असं तो म्हणाला होता. बरोबर आहे, रक्त माझं होतं.

हाताला चावला असता तर खिशात हात घालून हिंडलो असतो. नाक कुठे घालणार? विष नसलं तरी जखम धुवायची आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं, म्हणून दवाखाना गाठला. तिथल्या बाईंनी नाव लिहून घेतलं होतं, वय लिहून घेतलं होतं, तरीही भरल्या खोलीत हाक मारली ती अशी : ‘साप चावलेले कोण आहेत?’ पैसे सुटे आहेत का, एवढंच विचारायचं होतं त्यांना. पण अख्ख्या खोलीने माझ्या नाकाकडे बघून घेतलं. शेजारची खुर्ची रिकामी झाली, आणि पलीकडचे एक काका, गुडघा धरत का होईना, त्या खुर्चीवर येऊन बसले.

‘विषारी?’

‘नाही.’

‘मग कशाला आलात?’

यावर माणसाने काय बोलावं?

‘शेतात होता का?’

‘घरात.’

‘घरात शिरला!’

‘शिरला नाही. पाळलाय.’

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ‘पाळलेला असून चावला? खायला घालत नसाल.’

‘घालतो. तोच खात नाही. ही जात मनात आलं की कित्येक महिने उपाशी बसते.’

‘रुसलाय. काय बोललात त्याला?’

‘काका, सापाला बाहेरून कान नसतात. त्याला जमिनीचे हादरे कळतात, थोडाफार आवाज कळतो. शब्द कुठले कळायला!’

‘शब्द नाही, पण सूर कळला असेल की.’

मी विषय शास्त्राकडे वळवायचं ठरवलं. म्हटलं, बॉल पायथन चावतो तो दोन कारणांनी. एक भूक. याच्या ओठांवर बारीक खळगे असतात, त्यांतून त्याला समोरच्या प्राण्याची ऊब जाणवते. त्यातून हाताला उंदराचा वास असला तर तो हातच उंदीर ठरतो. असा चावला की सोडत नाही, विळखा घालतो. दुसरं कारण भीती. मान इंग्रजी ‘एस’सारखी आखडून घेतो, फुत्कारतो, विजेसारखा येतो, चावतो आणि तत्क्षणी सोडून मागे जातो.

‘तुमचं नाक त्याला उंदीर वाटलं तर.’

‘उंदीर वाटलं असतं तर सोडलं नसतं!’ माझा आवाज जरा चढलाच.

‘म्हणजे तोंडात घेतलं, पण आवडलं नाही.’

समोरच्या बाईंना अचानक खोकला आला. त्या दवाखान्यात कशासाठी आल्या होत्या कोण जाणे, पण खोकल्यासाठी नक्की नव्हत्या.

काका आता रंगात आले होते. ‘रोखून बघता का त्याच्याकडे?’ म्हटलं, त्याला पापण्याच नाहीत, डोळ्यांवर पारदर्शक खवला असतो, रोखून तोच बघतो. आणि सध्या तर कात टाकायचे दिवस आहेत. तो खवला दुधाळ निळा पडलाय, त्याला धड दिसत नाही, अशा दिवसांत स्वारी चिडचिडी असते. ‘बघा!’ काका म्हणाले. ‘दिसत नसताना त्याने नेमका तुम्हाला शोधला.’

मग त्यांनी आवाज खाली आणला. ‘अंगावर लांब होऊन झोपतो कधी?’

‘कधीकधी. उबेला येतो.’

‘मापं घेतोय.’

ही कथा मी अनेकांकडून ऐकली आहे आणि दर वेळी सांगणाऱ्याच्या ओळखीच्या ओळखीत ती घडलेली असते. साप मालकाशेजारी ताठ झोपतो, गिळायला पुरेल का ते मोजतो. अहो, साप गिळण्यापूर्वी मोजत नाही. आणि बॉल पायथन वाढून वाढून दीड मीटरचा, तोही बहुधा मादी असली तर. त्याची झेप उंदराएवढी. माझं काय गिळणार, करंगळी? हे सगळं मी काकांना तळमळीने सांगितलं.

‘मग डूख धरलाय,’ ते शांतपणे म्हणाले. ‘काय केलंत ते आठवा.’

आणि मी खरोखर आठवू लागलो, याचा मला अजून संताप आहे. एवढ्याशा मेंदूत भूक, भीती, ऊब आणि आडोसा यांची कशीबशी सोय झालेली असते, तिथे माझ्याविषयीचं वैर कुठे मावणार? वेळ मात्र त्याच्याकडे भरपूर आहे, हे कबूल. ही जात नीट सांभाळली तर वीस-तीस वर्षं सहज जगते. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या साठी उलटलेल्या एका मादीने तर 2020 साली, वर्षानुवर्षं नराचं तोंडही पाहिलेलं नसताना, 7 अंडी घातली. साठीनंतर स्वतःच्या हिमतीवर संसार थाटणारी जात आहे ही. डूख धरायचाच ठरवला तर माझं काही खरं नाही.

खरा राग मला त्या ‘गरीब’ म्हणणाऱ्यांचा आहे. पश्चिम आफ्रिकेत, घाना, टोगो, बेनिनकडे हे साप उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत दिवस काढतात आणि अंधारात बाहेर पडतात. तिथून उकरून काढायचा, पिशवीत भरायचा, विमानात घालायचा आणि इकडे पेटीवर लिहायचं, ‘नवशिक्यांसाठी उत्तम’. पैदास घरची असली तरी हौसेला अंत नाही. स्पायडर मॉर्फ नावाचा एक प्रकार आहे, अंगावर फार देखणी जाळीदार नक्षी. ज्या जनुकातून ती नक्षी येते त्यातूनच डोकंही डगमगतं. कुणाचं कमी, कुणाचं इतकं की मान उलटी वळते आणि भक्ष्यावरचा नेम चुकतो. हे माहीत असूनही पैदास चालू असते, कारण नक्षी खपते. आणि असल्या सापाने कुणाला चावलं की स्वभाव कुणाचा वाईट? सापाचा!

हे मी काकांना ऐकवलं तेव्हा, माझ्या मते, खोलीत दोन-तीन माणसं तरी हेलावली होती. काका म्हणाले, ‘फोटो आहे?’

होता. माझा सर्वांत आवडता फोटो : शांताराम अगदी चेंडू झालेला, डोकं मधोमध दडवलेलं, फक्त नाकाचं टोक बाहेर. काकांनी फोन लांब धरला, जवळ धरला.

‘असा का बसलाय?’

‘घाबरला की असा बसतो. त्यावरूनच तर बॉल पायथन म्हणतात.’

‘हा कुठे काढलाय?’

‘घरीच.’

‘घरात आणखी कोण असतं?’

‘मी एकटाच.’

काकांनी फोन परत दिला. पुढे काही बोलले नाहीत, फक्त परत आपल्या जुन्या खुर्चीवर जाऊन बसले. थोड्या वेळाने त्यांचा नंबर आला. दार नीट लागलं नव्हतं, त्यामुळे गुडघ्याआधी डॉक्टरांना त्यांनी काय सांगितलं ते साऱ्या खोलीने ऐकलं : ‘डॉक्टर, बाहेर ते नाकवाले बसलेत ना, त्यांच्या सापाला आधी काहीतरी धीराचं औषध द्या हो.’