पांढुर्ण्याची सून, नागपूरची खिडकी

लग्न पांढुर्ण्याला किंवा सौंसरला लावायचं आणि बिऱ्हाड नागपुरात करायचं, असा बेत असेल तर मुहूर्त जरा चुकलाच. 1 नोव्हेंबर 1956 च्या आधी उरकायला हवं होतं. तोवर ही गावं आणि नागपूर एकाच राज्यात होती, राजधानीसुद्धा नागपूरच. आता ही गावं मध्य प्रदेशात, नागपूर महाराष्ट्रात आणि मधे सीमा आहे. पाहुणे, संत्र्याचे ट्रक आणि वऱ्हाडी बोली ती रोज ओलांडतात. विवाह प्रमाणपत्राला मात्र तिथे ठेच लागते.

संविधानाचा अनुच्छेद 261 सांगतो की कोणत्याही राज्याच्या सरकारी अभिलेखांना देशभर पूर्ण विश्वास आणि मान्यता मिळावी. हे पाठ करून ठेवा, पण नागपुरातल्या सरकारी खिडकीवर म्हणू नका. पलीकडून उत्तर येईल, "ताई, हे तं एमपीचं हाये. इथलं आना." आणि मागची रांग तुमच्याकडे अशी बघेल, जणू तुम्ही घरून पळूनच आलात.

तेव्हा वाद न घालता 'इथलं' आणायच्या मागे लागा. तिकडे रीतसर नोंदवलेलं लग्न मनपाच्या झोन कार्यालयात पुन्हा नोंदवायचा घाट घाला. नमुना 'ड' भरा, तीन साक्षीदार जमवा, लग्नपत्रिका शोधा, सहीसाठी तिकडच्या भटजींना गाडीत घालून आणा. जमलंच, तर एका लग्नाची दोन प्रमाणपत्रं, दोन नोंदणी क्रमांक आणि दोन तारखा हाती येतील. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 7 प्रमाणे सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडताच लग्न पूर्ण होतं. नोंदणी हा त्याचा पुरावा, आणि राज्य बदललं म्हणून पुरावा नासत नाही. पण असा सरळ विचार केला तर पुढे कुठल्याशा टेबलावर "नेमकं लग्न कितीदा झालं?" हा प्रश्न ऐकायचं सुख हुकेल.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि तिच्याकडे अजिबात लक्ष द्यायचं नाही. तिकडच्या प्रमाणपत्रावर वधूचं माहेरचं नाव असतं, बहुधा 'कु. संगीता पिता श्री वामनराव' या धाटणीचं. लग्न झालं हे त्यातून सिद्ध होतं. संगीताबाईंचं आता नाव काय, याबद्दल तो कागद मौन पाळतो. इकडच्या फॉर्मला तर तीन चौकटी: नाव, मधलं नाव, आडनाव. तिकडे मधलं नाव लावायची पद्धत नसली, तर मधली चौकट ऑनलाइन सेंटरवाल्या पोराच्या कल्पनाशक्तीवर सोडा. वामनराव इंग्रजीत 'व्ही'ने की 'डब्ल्यू'ने, हेही त्यालाच ठरवू द्या. आधारवर एक, पॅनवर दुसरं आणि पासबुकावर तिसरं झालं की रिफंड अडकला, केवायसी फेटाळली, अशी कामं वर्षभर पुरतात.

सासरी हौस असेल तर नवरदेवाकडून अंगठीने तांदळाच्या ताटात नवं नावही लिहून घ्या. आत्याबाई पत्रिका बघून अक्षर सुचवतीलच. फोटो छान येतो. आता पहिलं नाव, मधलं नाव आणि आडनाव असं तिन्ही बदललं. विवाह प्रमाणपत्रावरची बाई आणि तुम्ही यांच्यात कागदोपत्री एक अक्षरही सामाईक उरलं नाही. ताटातले तांदूळ पुरावा म्हणून कुठेही चालत नाहीत.

सुरुवात बँकेपासून करा. बँक म्हणेल, नव्या नावाचं आधार आणा. आधार केंद्र म्हणेल, नव्या नावाचा पुरावा आणा. तो घ्यायला पुन्हा बँकेत जा. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत ही प्रदक्षिणा विशेष फलदायी. आधारवर नाव जन्मात दोनदाच बदलता येतं, तेव्हा पहिली संधी नुसतं आडनाव बदलण्यात आणि दुसरी त्यातली वेलांटी सुधारण्यात खर्च करा. तिसऱ्यांदा राजपत्र, म्हणजे सरकारी गॅझेटात छापलेली नावबदलाची सूचना, घेऊन थेट आधारच्या प्रादेशिक कार्यालयाशी गाठ आहे.

पत्ता आधी बदलायचा, ही अरसिकांची सूचना. आधारमध्ये कुटुंबप्रमुखाच्या संमतीने घरबसल्या पत्ता बदलता येतो. नवऱ्याने आपल्या लॉगिनमधून 30 दिवसांत होकार द्यायचा, आणि नात्याचा पुरावा म्हणून तेच एमपीचं प्रमाणपत्र चालतं, कारण त्यावर दोघांची नावं असतात. मात्र बायकोचं आधार तेव्हा माहेरच्याच नावाचं हवं. नाव आधी बदललंत तर प्रमाणपत्र आणि आधार जुळणार नाही, म्हणून नावच आधी बदला. नवऱ्यानेही होकाराचं नोटिफिकेशन महिनाभर उघडू नये.

पत्ता नागपूरचा झाला की पुढे महाराष्ट्र शासन राजपत्र, भाग दोन. अर्ज ऑनलाइन, कारण विवाह, सोबत महाराष्ट्रातला रहिवासाचा पुरावा. इथे तुम्ही टाइप कराल तेच छापून येतं, अनुस्वारासकट. चुकलं तर पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क. आता यातली गंमत बघा. विवाह प्रमाणपत्रामागे साक्षीदार, सह्या, निबंधकाचा शिक्का असं सगळं असतं, आणि त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. राजपत्रातल्या सूचनेत सरकार चक्क म्हणतं की मजकुराच्या खरेपणाची जबाबदारी आमची नाही. आणि हाच कागद बघून आधार, पॅन, बँक, सगळे मान डोलावतात. त्याची प्रत लॅमिनेट करून टाका, म्हणजे पुढे कुणाला शिक्का मारायची पंचाईत होईल.

प्रतिज्ञापत्र लागलं तर 500 रुपयांचा स्टॅम्प घ्या. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना 2004 पासून मुद्रांक शुल्क माफ आहे, पण कोऱ्या कागदावर लग्न झाल्यासारखं वाटत नाही.

रेशन कार्डाचं काम सर्वांत शेवटी आठवू द्या. इथल्या कार्डात नाव चढवायला तिकडून नाव कमी केल्याचा दाखला लागतो, आणि तिकडे त्यासाठी समग्र आयडीपासून, म्हणजे एमपी सरकारच्या कुटुंब-ओळख क्रमांकापासून, सुरुवात होते. हा दाखला लग्नानंतरच्या पहिल्या माहेरपणातच मिळून गेला असता. त्यापेक्षा वर्षभराने त्याच कामासाठी स्वतंत्र रजा काढा.

एकीकडे हे सगळं, आणि दुसरीकडे 2024 ची लाडकी बहीण योजना. बाई परराज्यात जन्मलेली असली तरी नवऱ्याचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा अधिवास प्रमाणपत्र चालेल, अशी तरतूद शासनाने करून टाकली. महिना 1500 रुपये वाटायचे होते तेव्हा सीमेपलीकडची सून एका ओळीत आपली झाली. ती ओळ दुसऱ्या कुठल्या खिडकीवर दाखवू नका, ती त्याच योजनेपुरती आहे.

दहावीची मार्कशीट आणि डिग्री यांना हात लावू नका. त्या माहेरच्याच नावाने राहतात आणि सोबत राजपत्र जोडलं की काम भागतं. अर्थात विद्यापीठात चकरा मारायची हौस असेल तर अडवणारे आम्ही कोण.

राहता राहिलं एक. लग्नानंतर बायकोने नाव बदललंच पाहिजे असं कोणताही कायदा सांगत नाही. माहेरच्या नावाने आधार, पॅन, पासपोर्ट, खातं, घराचा दस्त सगळं चालतं. हे वर लिहिलं असतं तर आत्याबाईंनी लेख तिथेच मिटला असता.