माळेचं कुणी ऐकलं नाही

एका डोळ्याची, एका पायावर उड्या मारणारी ती जपानी छत्री तुम्ही पाहिली असेल. 'जपानची भयानक भुतं' म्हणून तिचं चित्र सारखं फिरत असतं आणि मला दर वेळी वाईट वाटतं. अहो, ते मेलेल्या माणसाचं भूत नाही. ती छत्रीच आहे. वापरून जुनी झालेली.

अशा वस्तूंना तिकडे त्सुकुमोगामी म्हणतात. शंभर वर्षं झाली की वस्तूत जीव येतो, अशी समजूत. मुरोमाची काळातल्या, म्हणजे चौदाव्या ते सोळाव्या शतकातल्या, एका चित्रगुंडाळीत त्यांची अख्खी गोष्ट आहे. वर्षअखेरीची साफसफाई चाललेली असते. शंभरी भरायच्या आतच जुनी भांडीकुंडी, अवजारं घराबाहेर फेकली जातात. रस्त्यावर पडलेल्या त्या वस्तू एकत्र जमतात आणि बोलू लागतात. इतकी वर्षं राबलो, बक्षिसी राहू दे, उलट गुराघोड्यांच्या टापांखाली टाकलं! सूड घ्यायचं ठरतं. त्यांच्यात एक जपमाळ असते, इचिरेन नावाची. ती म्हणते, हे आपलं प्राक्तन असेल, अपकाराची फेड उपकाराने करा. बाकीचे तिलाच बदडून काढतात.

पुढे त्या वस्तू राक्षस होतात, माणसं-जनावरं खातात, मंत्रबळापुढे हरतात. आणि मग जातात कुणाकडे? त्याच माळेकडे. तिच्याकडून दीक्षा घेतात, साधना करतात, बुद्धपदाला पोचतात. फेकून दिलेली भांडीकुंडी!

ही गोष्ट शिंगोन या बौद्ध पंथाचा महिमा सांगते, हे खरंच. पण रस्त्यावरची ती तक्रार मला कुठल्या धर्मोपदेशकाची वाटत नाही. आयुष्यभर राबवून घेऊन मग दाराबाहेर काढलेल्या माणसाची वाटते. म्हणून तिला नुसती भुताची गोष्ट म्हटलेलं मला सोसत नाही. 1784 मध्ये तोरियामा सेकिएन या चित्रकाराने अशा वस्तूंचं चित्रांचं पुस्तक काढलं. त्यातली ती बिवा, म्हणजे त्यांची वीणा, आंधळ्या वादकासारखी काठी टेकत चाललेली आहे. तिला बघून भीती कशी वाटेल?

आणि हे सगळं कागदावरच राहिलेलं नाही. तोक्योत आसाकुसाच्या सेन्सोजी मंदिरात दर 8 फेब्रुवारीला मोडक्या सुयांसाठी पूजा असते. हारी-कुयो. शिवणकाम करणाऱ्या बाया वर्षभरातल्या मोडलेल्या, वाकलेल्या सुया घेऊन येतात आणि तोफूच्या, म्हणजे सोयाबीनच्या पनीरच्या, मऊ वडीत एकेक करून खोचतात. जन्मभर जाड कापडातून गेली बिचारी, आता शेवटी मऊ जागा मिळू दे.

माझ्या आईने चाळीस वर्षं शिवणकाम केलं. मशीनच्या खणात तिची एक पत्र्याची डबी आहे, मोडक्या सुयांची. कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून ठेवते, असं ती सांगायची. परवा तिला तोफूचं सगळं सांगितलं. तिने डबी उघडून सुया हातावर घेतल्या, थोडा वेळ बघत बसली आणि म्हणाली, "तोफू कुठला आणायचा आता? थांब, कणीक भिजवते."