चेसी नंबर दाखवा

१९७४ ची फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर गिटार विकायला काढली, तर गिऱ्हाईक सोबत काकांना घेऊन आलं. काकांचं आयुष्य पेठ रोडला आरटीओची कामं करण्यात गेलेलं. पोरानं तारेला हात लावायच्या आत त्यांनी गिटार पालथी केली.

"चेसी नंबर?"

मानेमागची पट्टी दाखवली.

"स्क्रू तीनच? चौथा कुठं पाडला?"

"१९७१ च्या शेवटापासून कंपनीनंच तीन केले."

"आणि हे काढले की नंबर हातात? मग ही पट्टी उद्या दुसरीला लावली तर?"

लागते. नंबर हेडस्टॉकवर, म्हणजे खुंट्यांच्या टोकावर, गेला १९७६ मध्ये, आणि हेडस्टॉक ज्या मानेला असतो तीही स्क्रूवरच. कंपनी काढणाऱ्या लिओ फेंडरनं ती मुद्दाम तशी बसवली, खराब झाली की बदलता यावी म्हणून. पण हे काकांना कोण सांगणार!

"बदललंय काय काय?"

फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या सळ्या, नवे. जुने घासून तार बझ करत होती. पिकअप, म्हणजे तारांचा आवाज टिपणारी चुंबकं, निवडायच्या तीन जागांच्या स्विचऐवजी पाच जागांचा. लोक तो जुना दोन जागांच्या मध्ये अडकवून वाजवायचे, शेवटी १९७७ ला कंपनीनंच पाचाचा दिला. पिकअप दुसरे, पण एकेरी वेटोळ्याचे, सिंगल कॉइलच, म्हणून आवाजाच्या बटणांखालचे २५० किलो-ओहमचे पॉट तसेच ठेवले. तारांच्या खालच्या टोकाला, ब्रिजपाशी, दुहेरी वेटोळ्याच्या रुंद हंबकर पिकअपसाठी मशीननं लाकूड कोरलं असतं तर मान खाली घालून निम्मी किंमत घेतली असती. पिकअप परत सोल्डर करता येतो, लाकूड नाही.

"म्हणजे ओरिजिनल नाही."

पिकगार्ड, म्हणजे पुढची प्लॅस्टिकची पाटी, उघडून पॉटची पाठ दाखवली: १३७ ७४१२. पहिले तीन आकडे बनवणाऱ्याचे, मग साल ७४, आठवडा बारावा.

"हां! हा इंजिन नंबर!" काका पहिल्यांदाच हसले. चहाही तेव्हाच घेतला.

गिटारवादक एरिक क्लॅप्टनची ब्लॅकी नावाची गिटार तर अनेक स्ट्रॅटचे तुकडे जोडून केलेली. २००४ च्या लिलावात ती ९,५९,५०० डॉलरला गेली. तिथं चेसी नंबर विचारायला हे काका नव्हते, एवढंच. इथं मात्र फ्रेट बदलले म्हणून माझे पैसे कापायचे, आणि न बदलता दिली असती तर "वाजत नाही" म्हणूनही कापायचे.

"जुना माल फेकला?"

नाही. पिकअप, स्विच, सगळं लेबल लावून डब्यात. डबा पुढं केला. काकांनी एकेक वस्तू उजेडात धरून पाहिली, झाकण लावलं आणि डबा पुतण्याच्या मांडीवर ठेवला.

"ओरिजिनल तर सगळं यात आहे. गिटार राहू द्या तुम्हाला. डब्याचे पाचशे घ्या."