अप्पूचे डोळे, बाबांचे डोळे

आज २९ ऑक्टोबर. २०२१ साली याच दिवशी अप्पू गेला. पुनीत राजकुमार. वय अवघं ४६. सकाळी स्टेटसला त्याचा फोटो ठेवला, तर एका मित्राचा लगेच मेसेज आला, "तीन दिवसांवर काळा दिवस आलाय आणि तू कानडी नटाचं कौतुक करतोस?" दोन ओळींत सांगण्यासारखं नाही, म्हणून इथं लिहितोय.

आमचे बाबा महाराष्ट्र एकीकरण समितीचे, बेळगावचा सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्यांतले. १ नोव्हेंबरला, म्हणजे सीमाभाग कर्नाटकात गेला त्या काळ्या दिवशी, दंडाला काळी फीत बांधून ते फेरीत गेले नाहीत, असं एकही वर्ष मला आठवत नाही. घरात कन्नड सिनेमा लागला की उठून बाहेर कट्ट्यावर जाऊन बसायचे. त्या शुक्रवारी मात्र टीव्हीसमोरून हलले नाहीत. काही दिवसांनी मला विचारलं, "त्याचं डोळं दिलं म्हणं. दोन डोळं, मग चौघांना कसं?"

मी वाचून सांगितलं. डोळ्यावर जो पारदर्शक पडदा असतो, त्याचा वरचा थर एकाला आणि आतला थर दुसऱ्याला बसवता येतो. बंगळूरच्या नारायण नेत्रालयानं तसंच केलं. तीन तरुण आणि एक तरुणी, चौघांना दिसायला लागलं. अप्पूचे वडील, नट डॉ. राजकुमार यांनी १९९४ मध्येच सगळ्या घरादाराच्या नेत्रदानाचा शब्द दिला होता. २००६ मध्ये ते गेले तेव्हा त्यांचे डोळे दिले आणि पुढं मुलानंही तो शब्द पाळला. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझं बी देऊन टाका."

अप्पूनं कोरोनात मुख्यमंत्री निधीला ५० लाख दिले, ते पेपरात आलं. पण मला त्याची नंदिनी या कर्नाटकातल्या सहकारी दुधाची जाहिरात जास्त मोठी वाटते. वडिलांसारखीच त्यानंही ती एक रुपया न घेता केली. ते दूध कुणाचं? खानापूर तालुक्यातली माझी आत्या पहाटे दोन म्हशी पिळून डेअरीला दूध घालते, तिच्यासारख्यांचं. आत्याला कन्नड येत नाही. म्हैसूरच्या शक्तिधाममध्ये निराधार बायका-मुलींना आसरा मिळतो, ते काम त्याच्या आईनं वाढवलं आणि त्यानंही सांभाळलं. एवढं करून तो माणूस कधी मिरवला नाही. याला दानत म्हणतात, आणि ती कुठल्या का भाषेत असेना, तिला मी हात जोडणारच. सीमाप्रश्नावरचं माझं मत त्यानं तसूभरही हलत नाही.

गेल्या वर्षी पौषात पहाटे बाबा गेले. आई अडून बसली. "डोळ्याबिगर वर पाठवू व्हय त्यांना? पुढच्या जन्मी आंधळं झालं तर?" नेत्रदान सहा तासांच्या आत व्हावं लागतं. मी तिच्या पायाशी बसून एवढंच म्हणालो, "आई, बाबांनी सांगून ठेवलंय." तिनं पदर तोंडाला लावला, मग स्वतःच उठून पंखा बंद केला. नेत्रपेढीवाल्यांनी फोनवर सांगितलं तसं मी बाबांच्या डोक्याखाली उशी दिली, पापण्या मिटल्या, वर ओला कापूस ठेवला. दीड तासात डॉक्टर आले. पंधरा-वीस मिनिटांचं काम. नंतर चेहरा बघितला तर बाबा झोपल्यासारखेच दिसत होते. आईनं गालावरून हात फिरवला आणि मगच रडली.

डोळे कुणाला बसवले ते सांगत नाहीत, तसा नियमच आहे. महिन्याभरानं आभाराचं पत्र आलं, सगळं कन्नडमध्ये. आईनं ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं, प्रत्येक ओळीचा मराठीत अर्थ विचारत. आता ते फ्रेम करून भिंतीवर लावलंय, बाबांच्या काळी फीत बांधलेल्या फोटोशेजारी. खिळा तिनंच ठोकला.