आपण पंधरावे आलो

"आपण पंधरावे आलो," सोमवारी सकाळी चहाच्या वेळी मी जाहीर केलं.

"आपण म्हणजे कोण?" बायकोनं विचारलं.

लग्नाला अठरा वर्षं झाली, पण या प्रश्नाचं धड उत्तर मला अजून देता आलेलं नाही. मी मँचेस्टरला कधी गेलेलो नाही. जाणार तरी कसा, पासपोर्टची मुदत संपून सहा वर्षं झाली. तरीही 26 मे 2025 च्या त्या सकाळी मँचेस्टर युनायटेड, म्हणजे तिथली माझी फुटबॉल टीम, इंग्लंडच्या लीगमधली आदल्या दिवशीची शेवटची मॅच जिंकून पंधराव्या नंबरावर थांबली होती आणि माझा चेहरा मात्र पगार कापल्यासारखा झाला होता.

आईनं पेपरातून मान वर काढली. "किती जणांत पंधरावे?"

"वीस."

"मग तू शाळेत बराच बरा होतास म्हणायचं."

हा 'आपण' मी कोल्हापुरातून आणलाय. आमच्याकडं फुटबॉलच्या संघांना तालमींची नावं असतात: पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर भाजक्या शेंगांची पुडी घेऊन बसायचं आणि मत द्यायचं. तिथं दिलेलं मत वाया जात नाही, कारण ते खेळाडूच्या कानापर्यंत जातं. "आरं, डावीकडं बघ की लेका, मोकळा हाय त्यो!" असं माझे काका ओरडायचे आणि तो लेक खरोखर डावीकडं बघायचा. नाहीच बघितलं तर संध्याकाळी त्याच्या दारात जाऊन, त्याच्या आईच्या देखत, विचारता यायचं. एकदा तर एक विंगर चालत्या मॅचमध्ये थांबून म्हणाला, "काका, तुम्ही या आत, मी शेंगा खातो." काकांनी बूट काढायला सुरुवात केली होती. लोकांनी धरलं.

पुण्यात आल्यावर हे सगळं बंद झालं. इथं मध्यरात्री साडेबाराला मॅच लागते, आवाज बंद करून बघावी लागते, आणि मत आतल्या आत राहतं. मत साचलं की बाधतं. मग ते सकाळी डब्याला भाजी भरणाऱ्या बायकोवर निघतं.

नोव्हेंबर 2024 मध्ये युनायटेडला रुबेन अमोरिम मॅनेजर म्हणून आला. त्याचं 3-4-3, म्हणजे खेळाडू उभे करायची मांडणी, तिला समजावून सांगावं म्हणून मी मिसळणाचा डबा पुढं ओढला. मागं तीन वाट्या: हळद, तिखट, धने पूड. हे डिफेन्स. मध्ये चार: जिरं, मेथ्या, गरम मसाला आणि मोहरी. मोहरी म्हणजे कप्तान ब्रुनो फर्नांडिस, कारण तो सतत तडतडतो, जास्त करून रेफ्रीवर. डब्याचं झाकण म्हणजे गोलकीपर ओनाना. ते नीट बसत नाही, हे घरात सगळ्यांनाच माहीत होतं.

"आणि पुढचे तीन?" बायकोनं विचारलं.

डब्यात वाट्या सातच होत्या. मी थोडा वेळ त्या डब्याकडं बघत राहिलो. "हीच तर अडचण आहे," मी म्हटलं, "पुढं कोणी नाही." अख्ख्या सीझनच्या 38 मॅचमध्ये शेवटी 44 गोल निघाले, त्यामुळं डबा चुकला असं म्हणता येणार नाही.

मग मी विंगबॅक समजावला. हल्ला असेल तेव्हा त्यानं पुढं धावायचं आणि बॉल गेला की तसंच उलट पळत येऊन मागं राखण करायची.

"म्हणजे बाहेर पाहुण्यांना पोहे द्यायचे आणि आत गॅसवरचं दूधही बघायचं."

"बरोबर."

"नव्वद मिनिटं?"

"नव्वद मिनिटं."

"मग तो दमणार आणि दूध उतू जाणार. मदतीला माणूस द्या."

अडीचशे रात्री जागून मी ज्या निष्कर्षाला आलो होतो, तो तिनं मेथीची जुडी निवडता निवडता सांगितला. याचं मला अजूनही वाईट वाटतं.

आमच्याकडं माझा भाचाही राहतो, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तो आर्सेनलवाला, म्हणजे त्याच लीगमधल्या दुसऱ्या टीमचा. 2004 साली आर्सेनलनं लीग जिंकली तेव्हा तो पाळण्यात होता, आणि तेव्हापासून त्या पोरानं वाटच बघितली. त्यात सलग तीन वर्षं दुसरा नंबर. अशा माणसाकडून सहानुभूतीची अपेक्षा होती, पण तो माझी मतं तारखेनिशी मोबाइलमध्ये लिहून ठेवतो. त्या यादीतली युनायटेडच्याच दोन खेळाडूंबद्दलची मतं तो पाहुण्यांनाही वाचून दाखवतो. पहिलं: "मॅक्टॉमिने विकून टाका, त्याच्याच्यानं काही होत नाही." दुसरं: "मॅग्वायरला 2019 मध्ये 8 कोटी पौंड देऊन घेतला, तेवढ्यात सिमेंटचा खांब स्वस्त पडला असता."

आता 17 एप्रिल 2025 च्या रात्रीची गोष्ट. युरोपातल्या क्लबांच्या युरोपा लीगची क्वार्टर फायनल, समोर फ्रान्सचा लियाँ. दोन गोलांनी आपण पुढं, मग दोन-दोन, मग एक्स्ट्रा टाइम. लियाँचा एक खेळाडू रेड कार्ड घेऊन बाहेर गेलेला, म्हणजे आपण अकरा आणि ते दहा. तरीही 109 व्या मिनिटाला स्कोअर काय, तर 4-2 त्यांच्या बाजूनं. पहाटेचे तीन वाजत आले होते. सकाळी नऊला ऑफिसात रिव्ह्यू होता. मी टीव्हीकडं पाठ केली, रिमोट सोफ्यावर टाकला आणि जाऊन झोपलो. टीव्ही बंद करायचा राहिला.

सकाळी आई म्हणाली, "रात्री पाणी प्यायला उठले होते. तुझे ते लाल शर्टवाले फार नाचत होते रे."

"आई, ते हरले."

"असेल. पण नाचत होते. एक धिप्पाड माणूस होता, कपाळ एवढं मोठं. त्यानं डोक्यानं मारला आणि लोक एकमेकांच्या अंगावर पडले."

मी मोबाइल उघडला. 5-4. 114 व्या मिनिटाला ब्रुनोची पेनल्टी, 120 व्या मिनिटाला आपल्याच मेनूचा गोल, आणि त्याच्या पुढच्याच मिनिटाला कोण, तर सिमेंटचा खांब. अमोरिमनं त्याला शेवटी चक्क पुढं पाठवला होता. माझ्या आयुष्यातल्या सर्वांत भारी सात मिनिटांत मी घोरत होतो आणि ती मॅच आमच्या घरात फक्त आईनं बघितली, तीही पाण्याचा तांब्या हातात धरून.

झालं, ठरलं. फायनलला आई पाहिजे.

फायनल 21 मेला बिलबाओत, समोर टॉटनहॅम. लीगमध्ये तेव्हा आपण सोळावे, ते सतरावे. मागच्या बाकावरच्या दोन पोरांनी स्कॉलरशिपसाठी भांडावं, तसला मामला. टॉटनहॅमनं त्या सीझनला आपल्याला आधीच तीनदा हरवलेलं, म्हणून तर आईची गरज. आईला शाल दिली, पाठीला लोड दिला, कॉफी दिली, तांब्याही हातात दिला. ती बिचारी बसली. पंधरा-वीस मिनिटं बघून म्हणाली, "हे सगळे एकमेकांना मागं मागंच का देतायत? पुढं कोणाची ओळख नाही का यांची?"

टीव्हीवरचे पंडित लाखो रुपये घेतात ते याहून वेगळं काही सांगायला नाही.

चाळिसाव्या मिनिटाला आईचा डोळा लागला. बेचाळिसाव्या मिनिटाला ब्रेनन जॉन्सनचा गोल. गोल कसला, गर्दीत बॉल कुणाकुणाला लागत घरंगळत आत गेला. "मामा, आजी झोपली होती," भाच्यानं लगेच नोंद केली. मी आईला हलवलं.

"गोल झाला?"

"झाला."

"मग तोंड का पाडलंस?"

"त्यांचा झाला."

"मग मला उठवलंस कशाला?"

मॅच 1-0 वरच संपली. दोनच दिवसांनी भाचा काही न बोलता मोबाइल घेऊन समोर उभा राहिला. मॅक्टॉमिने. आपण त्याला आदल्या ऑगस्टमध्ये नापोलीला विकला होता. तिथं त्यानं हवेत कात्री मारून गोल केला होता, नापोली इटलीची चँपियन झाली होती आणि पुढं त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणूनही त्याचंच नाव आलं.

"मामा," भाचा म्हणाला, "मलाही या घरातून काढा ना. प्लेसमेंट होऊन जाईल."

म्हणून जूनमध्ये मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की यापुढं मत बंद, जागरण बंद आणि 'आपण' तर कायमचं बंद. दोन महिने पाळलंही. त्या दोन महिन्यांत लीगच्या मॅच नसतात, हे बायकोच्या लक्षात आलं नव्हतं.

27 ऑगस्टला गणेश चतुर्थी होती. पाहुणे, मोदक, दोन वेळच्या आरत्या, सगळं आटोपलं. मखर हॉलमध्येच, टीव्हीच्या बरोबर समोर. रात्री समई बघायला म्हणून मी हॉलमध्ये झोपलो. साडेबाराला लीग कपची मॅच होती, तीही चौथ्या डिव्हिजनच्या ग्रिम्सबीशी. म्हटलं, यात जागरण कसलं, आरामात चार-पाच गोल बघू.

हाफटाइमला आपण दोन गोलांनी मागं. बाहेर पाऊस, आणि अमोरिम बाकावर मांडीवर छोटासा बोर्ड घेऊन त्यावरच्या गोट्या इकडून तिकडं सरकवतोय. मला ते दृश्य फार ओळखीचं वाटलं. सात वाट्यांत दहा माणसं बसवताना माझाही चेहरा असाच झाला असणार. शेवटी दोन-दोन झाले, मग पेनल्ट्या. त्या संपेचनात. एकेका किकला मी गणपतीकडं बघत होतो आणि गणपती उंदराकडं. 12-11 ला संपलं आणि ग्रिम्सबीची माणसं मैदानात धावली.

अंगावर शाल ओढून बायको दारात उभी होती. "काय झालं?"

"हरले," मी म्हटलं. 'आपण' गिळलं.

तिनं स्क्रीनकडं बघितलं. "मोहरी खेळली नाही का?"

"हाफटाइमनंतर आली होती."

"आणि हे लोक हातात काय नाचवतायत?"

ग्रिम्सबी हे कोळ्यांचं बंदर. तिथले प्रेक्षक मॅचला फुगवलेले मासे घेऊन येतात. हे मी तिला सविस्तर सांगायला लागलो.

"अहो, गणपती बसलाय समोर," ती म्हणाली. "आधी ते मासे बंद करा."