ऑफसाइडसाठी हात वर? मुळीच नको

पुण्यातल्या फुटबॉल पालकांच्या ग्रुपांवर ‘डिफेंडरसाठी ऑफसाइड ट्रॅपची चार सूत्रं’ असा एक मेसेज फिरतोय. ऑफसाइड ट्रॅप म्हणजे डिफेंडरांच्या रांगेने ऐन वेळी पुढे सरकून समोरच्या फॉरवर्डला आपल्या मागे, नियमबाह्य जागी अडकवणं. तेरा वर्षांखालची पोरंही आता तेच घोकायला लागलीत, म्हणून हा खटाटोप.

पहिलं सूत्र: ‘स्ट्रायकर पळाला की सगळ्यांनी पुढे धावा आणि हात वर करा.’ चारांत सगळ्यात घातक हेच. स्ट्रायकर कधी पळाला, हे ऑफसाइडचा नियम 11 विचारतच नाही. त्याच्या साथीदाराचा पाय बॉलला लागला तेव्हा तो कुठे होता, एवढंच बघतात. पास निघाल्यावर पुढे धावणारा डिफेंडर स्वतःच्या गोलपासून लांब पळत असतो, आणि स्ट्रायकर त्याच्या शेजारून सुटतो. त्यात हात वर गेला की मान रेफरीकडे वळते, पाय थबकतात. शालेय सामन्यांत कित्येकदा लाइन्समन नसतोच. मैदानाच्या मधून एकट्या रेफरीला काय डोंबल दिसणार? शिट्टी वाजेपर्यंत पळायचं, बस.

डिफेंडरांच्या लाइनने एकत्र वर यावं, हे मात्र खरं. पण इशारा बॉलवरून घ्यायचा. बॉल मागे खेळला गेला की चौघं चार-पाच पावलं वर. बॉलवाला मोकळा आहे आणि त्याची मान वर आहे, की अंग तिरकं करून लगेच मागे. सरावाला चौघांत सहा ते आठ मीटर अंतर ठेवा. आधी दहा मिनिटं कोचने नुसता बॉल पुढे-मागे खेळवायचा, मग तीन फॉरवर्ड सोडायचे. पावसात चुन्याची रेघ धुऊन गेली असेल तर कोन मांडा. घोळ बहुतेकदा लांबच्या बाजूचा फुलबॅक (कडेचा डिफेंडर) घालतो: बॉल डावीकडे, हा उजवीकडे दोन पावलं मागे रेंगाळलेला, आणि त्याच्या जिवावर सगळे फॉरवर्ड ऑनसाइड. म्हणून सेंटरबॅकने (मधल्या डिफेंडरने) आधी त्याच्याकडे पाहायचं, मग ‘वर!’ ओरडायचं.

दुसरं सूत्र: ‘शेवटचा डिफेंडर म्हणजेच ऑफसाइडची रेषा.’ नाही. गोलकीपरसकट मागून दुसरा मोजतात. कीपर पुढे येऊन अडकला आणि एकच जण पोस्टपाशी उरला, तर रेषा त्याच्या पुढच्या माणसाची. बरोबरीत असलेला ऑनसाइड, तेही 1990 पासून.

‘थ्रो-इनलाही ऑफसाइड.’ साफ चूक. थ्रो-इन, गोलकिक, कॉर्नर, तिन्हींवरून थेट आलेल्या बॉलला ऑफसाइड नाही. तिथे आपापला माणूस धरा.

राहिलं ‘गोललाइनबाहेर पाऊल टाका, स्ट्रायकर आपोआप ऑफसाइड’. परवानगीशिवाय बाहेर गेलेला डिफेंडर गोललाइनवरच उभा आहे असं धरतात. मुद्दाम गेला असेल तर बॉल बाहेर गेल्यावर यलो कार्ड वेगळं.